डिजिटल साक्षरता : घरटी एक ते प्रत्येकजण

डिजिटल साक्षरता म्हणजे मोबाइल, संगणक आणि इंटरनेट यांच्या मदतीने हवी ती माहिती शोधता येणे, तिची शहानिशा करता येणे, लोकांशी संपर्क ठेवता येणे, कागदपत्रांची व पैशांची कामे स्वतः उरकता येणे आणि हे करताना फसवणुकीपासून स्वतःला वाचवता येणे. यंत्र चालवता येणे हा तिचा पाया. पण तेवढ्यावर ती पुरी होत नाही. दिवसाचे चार तास व्हिडिओ पाहणाऱ्या माणसाला गॅस सिलिंडरची नोंदणी करता येत नसेल, किंवा आलेला प्रत्येक निरोप खरा मानून तो पुढे धाडण्याची त्याची सवय असेल, तर त्याची साक्षरता अर्धवटच म्हणावी लागेल.

या क्षमतेची नीट मांडणी युरोपीय आयोगाने ‘डिजकॉम्प’ या आराखड्यात केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या आराखड्यात पाच क्षेत्रे आहेत : माहिती शोधणे व पारखणे, संवाद व सहकार्य, आशयनिर्मिती, सुरक्षितता आणि अडचणी सोडवणे. या पाच क्षेत्रांत मिळून २१ क्षमता आहेत आणि पुढच्या एका आवृत्तीत प्रत्येक क्षमतेच्या आठ पायऱ्या ठरवण्यात आल्या. २०१८ साली युनेस्कोने हा आराखडा जगभरासाठी वापरताना त्यात दोन क्षेत्रे वाढवली. एक अगदी आधीचे, म्हणजे उपकरण सुरू करणे व हाताळणे. दुसरे शेवटचे, म्हणजे आपापल्या व्यवसायात लागणारी साधने वापरणे. युरोपात जी गोष्ट गृहीत धरता येते, ती अनेक देशांत पहिल्या धड्यापासून शिकवावी लागते, याची ही दखल होती.

प्रशिक्षणाच्या योजना जगात चाळीसहून अधिक वर्षे चालू आहेत. या काळात उपकरण बदलले, अभ्यासक्रम बदलला. पण सर्वांत महत्त्वाचा बदल झाला तो ‘कोणाला शिकवायचे’ या प्रश्नाच्या उत्तरात. आधी निवडक विद्यार्थी, मग नोकरी शोधणारे तरुण, मग कुटुंबातली एक व्यक्ती आणि आता प्रत्येक व्यक्ती, असा हा प्रवास आहे.

सुरुवातीचे प्रयत्न

ब्रिटनमध्ये १९८२ साली बीबीसीने संगणक साक्षरता प्रकल्प हाती घेतला. दूरचित्रवाणीवर मालिका, तिला जोडून पुस्तके आणि एकॉर्न कंपनीने बनवलेला ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक, अशी तिहेरी योजना होती. हेच संगणक पुढे भारतात आले. १९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी ‘क्लास’ नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि निवडक शाळांना बीबीसी मायक्रो पुरवले. त्या काळी शाळेतला संगणक ही जपून ठेवायची वस्तू होती. स्वतंत्र खोली, बाहेर चपला काढून प्रवेश, आठवड्यातून एक तास आणि एका यंत्रापुढे पाच-सहा मुले, अशा स्थितीत बहुतेकांच्या वाट्याला शिकण्यापेक्षा पाहणेच अधिक आले.

१९९९ मध्ये दिल्लीतील कालकाजी भागात सुगाता मित्रा यांनी वेगळा प्रयोग केला. झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत खिडकी करून त्यांनी तिथे इंटरनेटसह संगणक बसवला. शिक्षक नेमला नाही, सूचना दिल्या नाहीत. मुलांनी आपापसांत खटपट करून संगणक हाताळायला सुरुवात केली आणि ‘भिंतीतले भोक’ जगभर गाजले. पुढे दिल्लीतल्या अशा केंद्रांना भेट दिलेले अमेरिकी संशोधक मार्क वॉर्शॉअर यांनी दुसरी बाजू मांडली. मुलांचा बराच वेळ खेळ आणि चित्रे रंगवण्यात जात होता, हिंदीतील आशय जवळजवळ नव्हता आणि पालकही या उपक्रमाच्या उपयोगाबद्दल साशंक होते. दोन्ही निरीक्षणे आज उपयोगी पडतात. यंत्राची हाताळणी मुले एकमेकांकडून झटपट उचलतात. त्या यंत्राचे करायचे काय, हे मात्र कुणीतरी दाखवावे लागते.

युरोपात एस्टोनियाने १९९७ पासून ‘टायगर लीप’ या कार्यक्रमातून शाळांना संगणक व इंटरनेट पुरवले आणि शिक्षकांना प्रशिक्षण दिले. मुले पुढे गेली आणि पालक मागे राहिले, तेव्हा २००१ मध्ये बँका व दूरसंचार कंपन्या एकत्र आल्या आणि पुढे त्यांनी प्रौढांसाठी मोफत वर्ग चालवले. त्यांत सुमारे एक लाख लोक शिकले. ही संख्या त्या छोट्या देशातल्या प्रौढांच्या एक दशांशाच्या आसपास होती. यात बँकांचा स्वार्थ उघड होता, कारण ग्राहक ऑनलाइन आल्यास शाखांवरचा खर्च वाचणार होता. पण शिकणाऱ्याला घरी गेल्यावर करण्यासारखे ठोस काम मिळाले आणि त्यामुळे शिकलेले टिकले.

महाराष्ट्र : प्रमाणपत्राची वाट

महाराष्ट्रात डिजिटल साक्षरता म्हटले की आधी आठवते ती एमएस-सीआयटी. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजेच एमकेसीएल, स्थापन झाले आणि त्याच सुमारास हा अभ्यासक्रम सुरू झाला. सरकारने स्वतः वर्ग बांधले नाहीत. गावोगावच्या खाजगी संगणक संस्थांना अधिकृत अध्ययन केंद्राचा दर्जा मिळाला, अभ्यासक्रम व सॉफ्टवेअर महामंडळाने पुरवले आणि परीक्षा राज्य तंत्रशिक्षण मंडळाने घेतली. तालुक्याच्या बाजारपेठेत, एसटी स्टँडजवळच्या गाळ्यात, पहिल्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत ही केंद्रे उभी राहिली. आजवर एक कोटीहून अधिक लोकांनी हा अभ्यासक्रम केला आहे. दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत एमएस-सीआयटी, हे असंख्य घरांत ठरून गेले.

यामागे उत्सुकता होती, तशी गरजही होती. राज्य शासनाच्या अनेक पदांसाठी एमएस-सीआयटी किंवा समकक्ष पात्रता आवश्यक ठरली. केंद्रीय पातळीवर ‘नायलिट’ या संस्थेचा ८० तासांचा ‘सीसीसी’ हा अभ्यासक्रम याच प्रकारचा आहे. नोकरीच्या अटीमुळे लोक शिकायला आले, हा या पद्धतीचा मोठा गुण. तिची मर्यादाही त्याच अटीत आहे. ज्याला नोकरी करायची नाही, त्याला या वर्गाकडे वळायचे काहीच कारण नव्हते. शेतकरी, गृहिणी, निवृत्त माणूस आणि मजूर या चौकटीबाहेरच राहिले.

घरटी एक

ही उणीव भरून काढण्याचा पहिला मोठा प्रयत्न केरळात झाला. नोव्हेंबर २००२ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ‘अक्षय’ प्रकल्पाचे उद्घाटन झाले आणि मलप्पुरम जिल्ह्यात तो आधी राबवला गेला. प्रत्येक कुटुंबातील निदान एका व्यक्तीला संगणक व इंटरनेटची ओळख करून द्यायची, असे त्याचे उद्दिष्ट होते. गावोगाव उघडलेली अक्षय केंद्रे पुढे सरकारी सेवांची केंद्रे झाली.

हेच सूत्र देशपातळीवर मोठ्या प्रमाणावर आले ते २०१७ मध्ये, प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानातून. ग्रामीण भागातील सहा कोटी कुटुंबांतून प्रत्येकी एका व्यक्तीला प्रशिक्षण देण्यासाठी २,३५१.३८ कोटी रुपयांची तरतूद झाली. वयोमर्यादा १४ ते ६०, कालावधी २० तास, शिकणाऱ्याला शुल्क नाही. उपकरणांची ओळख, इंटरनेट, ईमेल, सरकारी सेवा आणि रोकडविरहित व्यवहार असे विषय होते. वर्ग प्रामुख्याने सामायिक सेवा केंद्रांतून भरले आणि शेवटी ऑनलाइन परीक्षा झाली. ३१ मार्च २०२४ रोजी अभियान संपले तेव्हा ६.३९ कोटी लोकांचे प्रशिक्षण झाल्याची नोंद होती.

आकडा प्रचंड आहे आणि तो गाठणे सोपे नव्हते. तरीही या रचनेतून तीन प्रश्न उभे राहिले. पहिला उपकरणाचा. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के घरांत संगणक होता. केंद्रात माउस धरायला शिकलेली व्यक्ती घरी परतली की तिच्या हाती मोबाइलच येई, किंवा तोही येत नसे. दुसरा प्रश्न वयाचा. साठीच्या पुढचे लोक, म्हणजे बँकेच्या आणि निवृत्तिवेतनाच्या कामांसाठी सर्वांत जास्त खेटे घालणारे लोक, योजनेच्या बाहेर होते.

तिसरा प्रश्न ‘घरटी एक’ या सूत्रातच आहे. एक सदस्य शिकला की तो घरच्यांनाही शिकवेल, असे या सूत्रात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात बहुतेक घरांत तो सगळ्यांची कामे करून देऊ लागतो. आईच्या खात्याचा पिन मुलाला ठाऊक, आजोबांचा ओटीपी नातवाच्या फोनवर, सुनेच्या अर्जावर दिराचा मोबाइल क्रमांक. कामे होतात, पण ज्याचे खाते त्याच्या हाती नियंत्रण राहत नाही. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की घर पुन्हा सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहते.

प्रत्येकजण

केरळनेच पुढे हे सूत्र बदलले. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा ग्रामपंचायतीने प्रत्येक रहिवाशाला डिजिटल साक्षर करण्याची मोहीम राबवली आणि २०२२ मध्ये ती पूर्ण केली. तोच नमुना ‘डिजी केरळम्’ या नावाने राज्यभर गेला. स्वयंसेवकांनी सुमारे ८३ लाख कुटुंबांची पाहणी केली आणि प्रशिक्षणाची गरज असलेले सुमारे २१.८८ लाख लोक शोधले. यात वयाची वरची मर्यादा नव्हती. नव्वदी ओलांडलेले शिकाऊही होते. २१ ऑगस्ट २०२५ रोजी केरळ हे देशातील पहिले संपूर्ण डिजिटल साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले.

या मोहिमेतली कार्यपद्धती लक्ष देण्याजोगी आहे. आधी पाहणी, मग प्रशिक्षण, असा क्रम असल्यामुळे ज्याला येते त्याला पुन्हा वर्गात बसवावे लागले नाही. शिकणाऱ्याला केंद्रावर बोलावण्याऐवजी स्वयंसेवक त्याच्याकडे गेले. रोजगार हमीच्या कामावर, बचत गटाच्या बैठकीत, घराच्या ओसरीवर धडे झाले. उपकरण होते स्मार्टफोन. मूल्यमापनात लेखी प्रश्नांना फाटा देऊन फोनवर प्रत्यक्ष कृती करून दाखवायला सांगितले गेले.

देशभरासाठी २०२२ ते २०२७ या काळात चालणाऱ्या ‘उल्लास’ या नवभारत साक्षरता कार्यक्रमातही १५ वर्षांवरील निरक्षरांना अक्षरओळख व अंकज्ञानाबरोबर जीवनकौशल्ये शिकवायची आहेत आणि डिजिटल साक्षरता हे त्यांपैकी एक आहे. अक्षर साक्षरता आणि डिजिटल साक्षरता एकाच कार्यक्रमात आणणे योग्यच आहे. ज्याला आकडे वाचता येतात, पण ५०० आणि ५००० यांत पडद्यावर चटकन फरक कळत नाही, त्याच्यासाठी हे दोन विषय वेगळे नसतात.

शाळकरी वय

मुलांच्या बाबतीत हाताळणीचा प्रश्न जवळपास सुटलेला आहे. ग्रामीण भारताची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८२.२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी एखाद्याला ब्लॉक करणे किंवा त्याची तक्रार करणे ६२ टक्क्यांना माहीत होते, आपले खाते खाजगी कसे ठेवायचे हे ५५.२ टक्क्यांना. म्हणजे समाजमाध्यमांवर वावरणाऱ्या जवळपास निम्म्या मुलांना आपले खाते अनोळखी लोकांसाठी बंद कसे करायचे हे ठाऊक नव्हते. शाळेने काय शिकवायचे याचे उत्तर या आकड्यांत आहे.

महाराष्ट्रात पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडमुळे फोन अभ्यासाशी जोडला गेला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना असे कोड जोडले होते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत ते आले. केंद्राच्या ‘दीक्षा’ या व्यासपीठावरील धडे याच कोडमधून उघडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मधल्या टप्प्यापासून कोडिंगचे उपक्रम सुचवले आहेत.

शाळेतील चांगल्या प्रशिक्षणात दोन गोष्टींवर भर असतो. पहिली पडताळणी. एखादे छायाचित्र पुराचे म्हणून फिरत असेल तर ते कधीचे, कुठले, आधी कोणी प्रसिद्ध केले, हे उलटा चित्रशोध करून पाहणे पाचवी-सहावीच्या मुलांनाही जमते. दुसरी गोष्ट पाऊलखुणांची जाणीव. टाकलेला फोटो पुसला तरी इतरांनी घेतलेली त्याची प्रत उरते, हे मुलांना उदाहरणाने पटते. नुसत्या ‘मोबाइल वाईट’ या उपदेशाने पटत नाही. आता यात कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. यंत्राने लिहून दिलेल्या उत्तरात सनावळीचा चुकीचा तपशीलही ठामपणे येऊ शकतो, हे वर्गात पुस्तकाशी ताडून दाखवणे हा त्यावरचा सर्वांत साधा धडा. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाने २०१८ मध्ये ‘एलिमेंट्स ऑफ एआय’ हा मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम काढला. संगणकशास्त्राची पार्श्वभूमी नसलेल्या सामान्य नागरिकाला या विषयाची तोंडओळख व्हावी, हा त्याचा हेतू आहे.

स्त्रिया आणि फोनची मालकी

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) कधी तरी इंटरनेट वापरलेल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचे प्रमाण ३३.३ टक्के, तर पुरुषांचे ५७.१ टक्के आढळले. ‘असर’च्या २०२३ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी ४३.७ टक्के मुलांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. फोन ‘घरचा’ असतो तेव्हा तो बहुधा नवऱ्याबरोबर किंवा भावाबरोबर बाहेर गेलेला असतो. वर्गात शिकलेले घरी करून पाहायला फोनच नसेल, तर आठवडाभरात ते विसरले जाते.

या अडचणीवर गुगल आणि टाटा ट्रस्ट्स यांच्या २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘इंटरनेट साथी’ उपक्रमाने बाईने बाईला शिकवण्याचा मार्ग काढला. गावातीलच स्त्रियांना प्रशिक्षण, फोन व टॅबलेट आणि सायकल देऊन आसपासच्या गावांत पाठवण्यात आले. महाराष्ट्रात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या बचत गटांचे जाळे अशा कामासाठी तयारच आहे. गटाची बैठक ठरलेल्या दिवशी होते, तिला घरातून कोणी अडवत नाही, आणि गटाचा हिशेब, कर्जाचा हप्ता, मालाचे फोटो काढून ग्राहकाला पाठवणे ही शिकण्याची निमित्ते आपोआप मिळतात.

नोकरदार स्त्रियांच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो. २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. फोन जुने आणि वारंवार बंद पडणारे, आणि पोषण आहाराची माहिती भरायचे ॲप इंग्रजीत, अशा त्यांच्या मुख्य तक्रारी होत्या. साधन निकृष्ट असेल किंवा भाषा परकी असेल, तेव्हा दोष शिकणाऱ्याच्या माथी मारून चालत नाही, हे या घटनेने दाखवले.

शेतकऱ्याचा धडा : ई-पीक पाहणी

काम आणि शिकणे एकत्र आले की काय होते, याचे जवळचे उदाहरण म्हणजे महाराष्ट्रातील ई-पीक पाहणी. पूर्वी कोणत्या गटात कोणते पीक आहे याची नोंद तलाठी करत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइल ॲपवर करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. जिल्हा, तालुका, गाव निवडायचे, खातेदार व गट क्रमांक शोधायचा, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन व लागवडीची तारीख भरायची आणि शेतात उभे राहून पिकाचा फोटो काढायचा. फोटोबरोबर जागेचे अक्षांश-रेखांश नोंदले जातात आणि पीक सातबाऱ्यावर चढते. पीक विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने विक्री या नोंदीवर अवलंबून असल्याने ती टाळून चालत नाही.

या एका कामात डिजिटल साक्षरतेचे कितीतरी घटक येतात : ॲप अद्ययावत करणे, लोकेशन सुरू करणे, यादीतून निवड करणे, फोटोला परवानगी देणे, माहिती गेली की नाही हे तपासणे. अडचणीही इथेच दिसतात. शिवारात रेंज नसते, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत सर्व्हरवर ताण येतो, फोनमध्ये जागा उरलेली नसते, वाटणीनंतरचा गट क्रमांक लक्षात राहत नाही. म्हणून एका फोनवरून अनेक शेतकऱ्यांची नोंद करण्याची सोय ठेवावी लागली आणि मदतनीसही नेमावे लागले. पण जो शेतकरी एकदा स्वतः नोंद करतो, त्याला पुढे बाजारभाव पाहणे किंवा अर्जाची स्थिती तपासणे अवघड वाटत नाही.

ज्येष्ठ नागरिक

साठीपुढच्या माणसाला शिकवताना आकलनापेक्षा हाताची आणि मनाची अडचण मोठी असते. कोरड्या पडलेल्या बोटांचा स्पर्श पडद्याला नीट कळत नाही. टिचकी मारायची तिथे बोट टेकून राहते आणि भलताच पर्याय उघडतो. ओटीपी वाचून लिहीपर्यंत मुदत संपते. त्यावर ‘काही बिघडेल, पैसे जातील’ ही धास्ती. त्यामुळे पहिल्या तासाला अक्षरांचा आकार वाढवणे, आवाज मोठा करणे, नको ती सूचना बंद करणे आणि ‘मागे’ जाण्याची खूण पक्की करणे, एवढेच करावे. मागे येता येते हे कळले की धास्ती ओसरते.

पैशांचे व्यवहार शिकवण्याची चांगली रीत म्हणजे खरा, पण लहान व्यवहार. दोघांच्या जोड्या करून एकाने दुसऱ्याला एक रुपया पाठवायचा आणि दुसऱ्याने तो परत करायचा. रुपया जाताना पिन लागतो, येताना काहीच करावे लागत नाही, हे माणूस स्वतः अनुभवतो. यूपीआयचा पिन पैसे देताना किंवा शिल्लक पाहताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही, हा नियम असा हाताने शिकलेला असेल तर ‘पैसे जमा करायचे आहेत, पिन टाका’ म्हणणाऱ्याची लबाडी जागीच ओळखू येते. प्रत्येक कामाच्या पायऱ्या शिकणाऱ्याने स्वतःच्या अक्षरात वहीत लिहिणेही फार उपयोगी पडते. पिन मात्र त्या वहीत लिहायचा नाही.

बहुतेक निवृत्तिवेतनधारकांना दरवर्षी नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. ‘जीवन प्रमाण’ ही त्याची डिजिटल सोय २०१४ मध्ये आली, पण झिजलेल्या बोटांचे ठसे जुळत नसल्याने अनेकांना त्रास होई. नोव्हेंबर २०२१ पासून फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा पडताळून घरबसल्या दाखला देता येऊ लागला. नोव्हेंबरच्या आधी घेतलेल्या वर्गाला हे निमित्त पुरेसे असते.

अंध व अल्पदृष्टी व्यक्तींसाठी अँड्रॉइड फोनमधील ‘टॉकबॅक’ आणि संगणकावरील ‘एनव्हीडीए’ ही पडदा वाचून दाखवणारी मोफत साधने आहेत. ती शिकवायची पद्धत निराळी असल्याने प्रशिक्षकालाही ती स्वतंत्रपणे शिकावी लागतात.

भाषा

मराठीतून फोन वापरता येतो, ही गोष्टच अनेक शिकाऊंना कोणी सांगितलेली नसते. फोनची भाषा मराठी केली की निम्मी भीती जाते. टंकलेखनासाठी तीन वाटा आहेत. भारतीय लिपींसाठी ठरवलेला ‘इनस्क्रिप्ट’ कळफलक शिकायला थोडा वेळ घेतो, पण वेगाने व अचूक लिहिता येते. रोमन अक्षरांतून मराठी उमटवणारा उच्चारानुसारी कळफलक इंग्रजी अक्षरे येणाऱ्यांना सोपा. बोलून लिहिण्याची सोय लिहिता-वाचता कमी येणाऱ्यांना सर्वांत जवळची. युनिकोड रुळण्याआधी प्रत्येक कार्यालयाचा फॉन्ट वेगळा असे आणि एकाने पाठवलेला मजकूर दुसऱ्याकडे अगम्य चिन्हांत उघडे; आता ती अडचण बरीच कमी झाली आहे. मात्र आधारवरचे इंग्रजी नाव, सातबाऱ्यावरचे मराठी नाव आणि बँकेतले तिसरेच स्पेलिंग जुळत नसल्याने अर्ज अडकतात. आपली तिन्ही नावे काढून ताडून पाहणे हाही वर्गातला एक धडा असायला हवा.

सुरक्षितता

केंद्रीय गृह मंत्रालयाच्या माहितीनुसार २०२४ मध्ये सायबर फसवणुकीत नागरिकांचे २२,८४५ कोटी रुपयांहून अधिक नुकसान झाले. यात शिकले-सवरलेले लोकही मोठ्या संख्येने सापडतात, कारण फसवणारा यंत्रापेक्षा माणसाच्या भीतीशी आणि लोभाशी खेळतो. पोलीस असल्याचे भासवून व्हिडिओ कॉलवर तासन्तास अडकवून ठेवणारी ‘डिजिटल अटक’ हा त्याचा ठळक नमुना. अशी अटक भारतीय कायद्यात नाही, एवढे एक वाक्य माहीत असलेला माणूस फोन ठेवून देऊ शकतो. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा. पहिल्या तासाभरात कळवल्यास रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी रोखली जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

हा भाग सतत ताजा ठेवावा लागतो. लोकांच्या फोनवर पैशांची मागणी पाठवून फसवण्याचे प्रकार वाढल्याने दोन व्यक्तींमधील यूपीआयची ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ ही सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. म्हणजे त्याआधीच्या वर्षी छापलेल्या पुस्तिकेतला एक इशारा जुना झाला. उद्या ओळखीच्या माणसाच्या बनावट आवाजात आलेला फोन हा मुख्य धोका असू शकेल. म्हणून विशिष्ट युक्त्यांच्या यादीपेक्षा घाई करू नये, फोन ठेवून त्या माणसाच्या किंवा बँकेच्या मूळ क्रमांकावर स्वतः फोन करावा, ही सवय लावणे अधिक टिकाऊ ठरते.

शिकवणारा आणि मोजमाप

चांगल्या प्रशिक्षकाची एक साधी खूण आहे : तो शिकणाऱ्याच्या हातातून फोन काढून घेत नाही. काम झटपट उरकून देण्याचा मोह आवरून तो बोटाने दाखवतो आणि वाट पाहतो. गट लहान असावा, फोन शिकणाऱ्याचा स्वतःचा असावा, तास कमी पण अंतर ठेवून असावेत आणि दोन तासांच्या मध्ये घरी करायचे एक खरे काम द्यावे. प्रशिक्षक गावातलाच असेल तर वर्ग संपल्यावर अडलेले विचारायला माणूस उरतो.

योजनांचे यश आजवर प्रमाणपत्रांच्या संख्येने मोजले गेले, कारण ती मोजायला सोपी असतात आणि प्रशिक्षण संस्थेचे मानधनही त्यांवर ठरते. नेमके चित्र हवे असेल तर सहा महिन्यांनी तीन गोष्टी पाहाव्या लागतात. शिकलेली व्यक्ती पैसे, अर्ज आणि दाखले यांपैकी कोणते काम स्वतः करते? खात्याला जोडलेला क्रमांक तिचाच आहे का आणि पिन तिच्याखेरीज कोणाला ठाऊक आहे? संशयास्पद निरोप आला तेव्हा तिने काय केले? या उत्तरांतून पुढच्या वर्गात काय शिकवायचे तेही ठरते.

प्रशिक्षण कितीही चांगले असले तरी काही लोक आजारपण, अपंगत्व, गरिबी किंवा रेंज यांमुळे डिजिटल सोयींपासून दूर राहतील. त्यांच्यासाठी बँकेची खिडकी, तलाठ्याचे कार्यालय आणि आपले सरकार सेवा केंद्र चालू राहणे आवश्यक आहे. डिजिटल साक्षरतेने नागरिकाला आणखी एक मार्ग मिळतो. तो मिळाला म्हणून जुना मार्ग बंद करण्याचे कारण उरत नाही.